अल्पसंख्य डोळ्यांचे काय?

एखाद्या जुन्या कचेरीत वीस-पंचवीस वर्षे एकाच मेजाशी बसून काम केलेल्या लेखनिकाची कल्पना करावी. त्याच्या समोरच पश्चिमेची खिडकी आहे. दुपार कलली, की उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते. म्हणून त्याने त्या खिडकीला एक निळा पडदा लावून घेतलेला आहे. पुढे कधीतरी कचेरीचे नूतनीकरण होते. भिंतींना नवा रंग येतो, मेजे नवी येतात, विजेच्या दिव्यांची सोय सुधारते. सर्वांना आनंद होतो. लेखनिक मात्र जागेवर येऊन पाहतो तो खिडकीचा पडदा नाहीसा झालेला. तो चौकशी करतो तेव्हा त्याला मोठ्या सौजन्याने सांगण्यात येते, "साहेब, या पडद्याचा उपयोग फक्त आपणच करीत होता. एकट्यासाठी कोण तो धूत बसणार?"

या उत्तरात खोटे काहीच नाही. पडदा खरोखरच एकटा वापरीत होता आणि धुण्याचे कष्टही खरेच होते. तरीही हे उत्तर ऐकून आपल्या मनात काहीतरी खटकते. नेमके काय खटकते, याचा शोध घेण्यासाठी संगणकाच्या जगातील एका लहानशा, पण अतिशय बोधप्रद प्रकरणाकडे वळावयास हवे. या प्रकरणातही एक निळा पडदाच होता, आणि तो काढून टाकण्यात आला.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'वर्ड' ही लेखनाची आज्ञावली आज ठाऊक नाही असा शिक्षक, कारकून वा विद्यार्थी विरळाच. विंडोजवर चालणाऱ्या या आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्यांमध्ये, थेट २००३ च्या आवृत्तीपर्यंत, पर्यायांच्या पानावर एक छोटीशी चौकट असे. तीत खूण केली की लिहिण्याचा पांढरा कागद निळा होई आणि काळी अक्षरे पांढरी दिसू लागत. छापील प्रतीवर याचा काडीमात्र परिणाम होत नसे. ज्याच्याकडे तो दस्तऐवज पाठवावा त्यालाही याचा पत्ता लागत नसे. ही सोय केवळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुरती होती. २००७ ची आवृत्ती आली आणि ही चौकट नाहीशी झाली. मोठ्या बदलांच्या गदारोळात या बारीकशा गोष्टीकडे बहुतेकांचे लक्षही गेले नाही. ज्यांचे गेले, त्यांच्या दृष्टीने मात्र ती बारीक नव्हती. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

निळा रंग आला कोठून?

हा निळा रंग कोणाच्या लहरीतून जन्मला नव्हता. त्याला इतिहास आहे. संगणकाचे आरंभीचे पडदे स्वभावतःच काळे. काचेच्या नळीत मागून विद्युत्कणांचा झोत सोडावयाचा आणि तो जेथे आदळेल तेथे काचेवरील लेप उजळावयाचा, अशी त्यांची रचना. त्यामुळे जेथे अक्षर तेथे प्रकाश आणि उरलेल्या जागी अंधार, हेच स्वाभाविक होते. हिरव्या किंवा पिवळसर तांबूस अक्षरांचे ते पडदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या स्मरणातून ते अद्याप गेलेले नसतील. पुढे रंगीत पडदे आले, तेव्हा काळ्याच्या जागी गडद निळा रंग घेणे अनेकांना सुखावह वाटले.

अमेरिकेत यूटा राज्यातील ओरेम या गावी ॲलन ॲश्टन आणि ब्रूस बॅस्टियन या दोघांनी १९७९ च्या सुमारास तेथील नगरपालिकेच्या संगणकासाठी लेखनाची एक आज्ञावली घडवावयास घेतली. पुढे तीच 'वर्डपरफेक्ट' या नावाने जगभर गेली. १९८९ साली निघालेली तिची ५.१ ही आवृत्ती म्हणजे त्या काळच्या वकिलांच्या कचेऱ्यांचा जणू श्वासोच्छ्वास होता. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे, आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ. याखेरीज डोळ्यांसमोर जवळजवळ काहीच नसे. सर्व आज्ञा बोटांत साठवलेल्या असत. त्या विसरू नयेत म्हणून कळफलकावर कागदाची एक पट्टी ठेवीत, एवढेच.

दुसऱ्या बाजूने एक निराळा प्रवाह वाहत होता. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली 'ऑल्टो' हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा असून त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे दिसत. याच यंत्रासाठी बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ साली 'ब्राव्हो' हा मजकूर-संपादक रचला. पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उतरेल, हे त्यामागचे तत्त्व. हे सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 'वर्ड'च्या जन्माशी त्यांचे नाव जोडले गेले. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉशने पांढरा पडदा सर्वसामान्यांच्या घरात नेला. तात्पर्य, पांढऱ्या कागदाची कल्पना एका परंपरेतून आली आणि निळ्या पडद्याची दुसऱ्या परंपरेतून. 'वर्ड'मधील ती चौकट म्हणजे या दोन परंपरांमधील तह होता.

हा तह मायक्रोसॉफ्टने निव्वळ औदार्यापोटी केला होता, असे समजण्याचे कारण नाही. वर्डपरफेक्टच्या लक्षावधी वापरकर्त्यांना आपल्याकडे ओढावयाचे तर त्यांच्या सवयींचा मान राखणे भाग होते. म्हणून 'वर्ड'च्या त्याच पानावर वर्डपरफेक्टच्या वापरकर्त्यांसाठी खास साहाय्य आणि त्यांच्या ओळखीच्या कळांची सोय ठेवलेली होती. पाहुण्याला घरी आणावयाचे तेव्हा त्याच्या आवडीचे पदार्थ करावयाचे आणि तो कायमचा राहावयास आला, की ते पानातून गाळावयाचे, अशी ही रीत. व्यापाराच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण तिला आदरातिथ्य म्हणता येणार नाही.

काढणाऱ्यांची बाजू

येथवर वाचून ज्यांचा असा समज झाला असेल, की प्रस्तुत लेखक कोणतीही जुनी सोय काढण्याच्या विरुद्ध आहे, त्यांनी थोडे थांबावे. सोयी काढणाऱ्यांची बाजू हलकी नाही, आणि ती प्रामाणिकपणे मांडल्यावाचून या वादाला हात घालणे अन्यायाचे होईल.

आज्ञावलीतील प्रत्येक पर्याय म्हणजे रस्त्याला फुटणारा फाटा होय. एका पर्यायामुळे आज्ञावलीची दोन रूपे होतात, दोहोंमुळे चार, तिहींमुळे आठ. नुसते होय-नाहीचे दहा पर्याय असले, की १,०२४ रूपे होतात आणि वीस असले, की ती संख्या दहा लाखांच्या वर जाते. यांतील प्रत्येक रूप तपासून पाहणे कोणालाही अशक्य आहे. निळ्या पार्श्वभूमीवर निळ्या अक्षरांतला दुवा दिसतो का, लाल रंगात केलेली दुरुस्ती वाचता येते का, चित्राच्या कडा कशा दिसतात, हे प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा पाहावे लागते. ते पाहणारा माणूस त्या वेळात दुसरे काही करू शकत नाही. म्हणजेच एका सोयीची किंमत दुसऱ्या एखाद्या सोयीने मोजावी लागते.

शिवाय पर्यायांची गर्दी झाली, की नवखा मनुष्य गोंधळून जातो. २००३ च्या 'वर्ड'मध्ये हत्यारांच्या पट्ट्या ३१ आणि बाजूने उघडणारे फलक १९ इतके साचले होते. त्याआधी, २००० च्या आवृत्तीत, क्वचित लागणाऱ्या आज्ञा यादीतून आपोआप लपविण्याचा प्रयोग झाला. परंतु आज काल होती त्या जागी नाही, या अनुभवाने लोक अधिकच वैतागले. तेव्हा २००७ साली सारी मांडणीच नव्याने करावयाचे ठरले. घर झाडावयास घेतले, की माळ्यावरचे जुने गाठोडेही कोणाच्या तरी हातून बाहेर फेकले जाणारच.

हा वाद काही एका कंपनीपुरता नाही. मुक्त आज्ञावलीच्या जगात, जेथे नफ्याचा प्रश्न नाही, तेथेही तो तितक्याच तीव्रतेने झडला आहे. लिनक्सवरील 'गनोम' या मांडणीच्या कर्त्यांनी २००२ साली आपल्या दुसऱ्या आवृत्तीत पर्यायांची मोठी छाटणी केली. त्याच वर्षी त्यांच्यातील हॅवॉक पेनिंग्टन यांनी एक निबंध लिहून प्रत्येक पर्यायाला किंमत असते, हे अत्यंत तर्कशुद्ध रीतीने मांडले. उलट लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली या धोरणावर कडाडून हल्ला चढविला. वापरणाऱ्यांना मूर्ख समजून चालाल तर तुमच्याकडे मूर्खच उरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पुढे २०११ साली गनोमची तिसरी आवृत्ती आली. तिने खिडक्यांवरील लहान-मोठे करण्याची बटणेही नेहमीच्या जागेवरून काढली, तेव्हा नाराज मंडळींनी जुन्या मांडणीची वेगळी चूल मांडली. ती 'माटे' या नावाने चालू राहिली. दोन्ही पक्षांत बुद्धिमान आणि प्रामाणिक माणसे होती. प्रश्न सोपा असता तर असे घडले नसते.

पाचामुखी परमेश्वर?

मग निर्णय करावयाचा कसा? आजचे उत्तर ठरलेले आहे: मोजून. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या आवृत्तीपासून वापरकर्त्यांच्या संमतीने त्यांच्या आज्ञांची नोंद घेण्यास आरंभ केला. तीतून जे आकडे बाहेर आले ते खरोखर उद्बोधक आहेत. 'वर्ड'मध्ये सर्वाधिक वापरली जाणारी आज्ञा म्हणजे उचललेला मजकूर चिकटविण्याची. एकट्या तिचाच वाटा ११ टक्क्यांहून अधिक. चिकटविणे, जतन करणे, नक्कल घेणे, केलेले रद्द करणे आणि अक्षर ठळक करणे, एवढ्या पाच आज्ञांत एकूण वापराचा ३२ टक्के भाग सामावलेला होता. उरलेल्या शेकडो आज्ञांच्या वाट्याला थोडे थोडे येत होते.

पाचामुखी परमेश्वर, या न्यायाने पाहिले तर निकाल उघड आहे. परंतु मोजणीलाही स्वतःची दृष्टी असते, आणि त्या दृष्टीला काही गोष्टी दिसतच नाहीत. मजकूर चिकटविण्याची आज्ञा मनुष्य दिवसातून पन्नास वेळा देतो. निळ्या पडद्याची खूण तो आयुष्यात एकदाच करतो आणि त्यानंतर आठ-आठ तास त्या पडद्यासमोर बसतो. आज्ञा किती वेळा दिली, एवढेच जी वही लिहिते तिच्यात पहिल्याच्या नावे पन्नास आणि दुसऱ्याच्या नावे शून्य पडणार. घराच्या दाराची कडी दिवसातून दहा वेळा वाजते आणि घराचा पाया कधीच वाजत नाही. यावरून पाया निरुपयोगी ठरत नाही. कोणती सोय चालू ठेवलेली आहे याचीही नोंद घेता येते, हे खरे. पण ती घेतली तरी तिच्याविना त्या मनुष्याचे किती अडेल, हे कोणत्याच आकड्यात उतरत नाही.

दुसरे असे, की ही नोंद ऐच्छिक होती. ज्यांनी होकार दिला त्यांचीच गणना झाली. आपल्या अशिलांची कागदपत्रे हाताळणारा वकील असल्या नोंदीला होकार देण्याच्या कामी मागेच राहणार. आणि निळ्या पडद्याची सवय तर त्याच वर्गात मुरलेली. म्हणजे ज्यांचे मत हवे तेच मतपत्रिकेवर नाहीत, असा हा प्रकार होऊ शकतो.

तिसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. जोएल स्पोल्स्की या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००१ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते. बहुसंख्य लोक आज्ञावलीचा फार थोडा भाग वापरतात, हे खरे. परंतु प्रत्येकाचा तो थोडा भाग निरनिराळा असतो. कोणाला तळटीप लागते, कोणाला शब्दमोजणी, कोणाला समीकरणे. प्रत्येक सोय एकेकटी उभी करून "हिला किती लोक वापरतात?" असा प्रश्न विचारला तर प्रत्येकच सोय अल्पमतात जाते, आणि अशा रीतीने अल्पमतातल्या सगळ्या सोयी काढून टाकल्या तर शेवटी सर्वांचेच काही ना काही गेलेले असते. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपण म्हणतो खरे. पण मोजणी करताना नेमके तेच विसरतो.

डोळ्यांचा न्याय

यावर कोणी म्हणेल, की रंग हा शेवटी आवडीनिवडीचा प्रश्न आहे. आवडीसाठी इतका खटाटोप कशाला? येथेच सावधपणे पाहावयास हवे. सजावट आणि सोय यांत भेद आहे. पडद्याच्या कडेला फुलांची वेलबुट्टी असावी की नसावी, हा आवडीचा प्रश्न झाला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील प्रकाशाचे नाते मात्र शरीराचा प्रश्न आहे.

निरोगी डोळ्यांपुरते बोलावयाचे तर शास्त्र बहुतांशी पांढऱ्या कागदाच्या बाजूने आहे, हे मान्य केलेच पाहिजे. उजेड अधिक असला, की बुबुळातील बाहुली आकुंचन पावते आणि प्रतिमा अधिक रेखीव उमटते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील विद्यापीठात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही गटांची कामगिरी उजळ पार्श्वभूमीवरील काळ्या अक्षरांबाबत सरस ठरली. निळ्या पडद्याच्या कैवाऱ्यांनी हा निष्कर्ष लपविण्याचे कारण नाही.

परंतु 'बहुतांशी' या शब्दाच्या पलीकडेही माणसे राहतात. ज्यांच्या डोळ्यांतील भिंग मोतीबिंदूने वा अन्य कारणाने धूसर झाले आहे, त्यांच्या डोळ्यांत आलेला प्रकाश विखुरतो. सारा पडदा पांढरा असला, की त्या विखुरलेल्या प्रकाशाचे धुके अक्षरांवर पसरते. पार्श्वभूमी गडद केली तर हे धुके उणावते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा धूसर डोळ्यांच्या वाचकांचा वेग काळ्यावर पांढरी अक्षरे असताना वाढलेला आढळला. म्हणजे जे सरासरीस हितकर तेच काहींस अपायकारक, अशी ही स्थिती आहे. सरासरी माणसाची उंची घेऊन दार केले तर सर्व उंच माणसांची डोकी चौकटीवर आपटतील. दोष माणसांच्या उंचीचा नसतो.

आणि पर्याय म्हणून जे सुचविले जाते ते तरी कितपत पुरेसे आहे? पानाला निळा रंग द्या, असे एक उत्तर आहे. पण पानाचा रंग हा त्या दस्तऐवजाचा भाग होतो. धारिका ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तो रंगही जातो. वरिष्ठांकडे पाठविलेला अहवाल निळ्या पानावर उघडला, तर त्या लेखनिकाची काय शोभा होईल, हे सांगावयास नको. दुसरे उत्तर असे, की साऱ्या संगणकाचीच रंगसंगती बदला. म्हणजे चष्मा मागितला असता डोळेच बदलण्याचा सल्ला द्यावा, तसे हे झाले. त्या लहानशा चौकटीचे मर्म एवढेच होते, की तिने वाचणाऱ्याच्या डोळ्यांची गोष्ट वाचणाऱ्याकडेच ठेवली होती आणि लेखाची गोष्ट लेखाकडे.

गंमत अशी, की त्याच २००७ च्या आवृत्तीत खिडकीच्या चौकटीसाठी निळी, रुपेरी आणि काळी अशा तीन रंगसंगती देण्यात आल्या. भिंतींना तीन रंग मिळाले. खिडकीचा पडदा मात्र गेला.

आपल्या दारातील प्रश्न

मराठी वाचकाने या दूरदेशीच्या वादाकडे कौतुकाने पाहून पान उलटावे, असे मात्र नाही. अल्पसंख्येचा हा हिशेब आपल्या दाराशीही येऊन ठेपतो.

आपल्या शाळांतून 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद शिकविला जातो. एका रफाराने गुरुजींचे स्वयंपाकी होतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांची गोष्टही तीच. हिंदीला या दुसऱ्या रकाराची गरज नाही, मराठीला आहे. संगणकाच्या युनिकोड या संकेतप्रणालीत त्याची सोय आहे, म्हणून आज आपण तो लिहू शकतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' पडद्यावर दिसावेत यासाठी अक्षरसंच करणाऱ्याला वेगळी आकृती काढावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींहून अधिक आहेत. एवढा मोठा समाजही जागतिक आज्ञावल्यांच्या खातेवहीत अल्पसंख्यच ठरतो. "हा रकार किती जण वापरतात?" असा प्रश्न उद्या कोणी निव्वळ आकड्यांच्या आधारे विचारला, तर आपण काय उत्तर देणार आहोत? संख्येचे उत्तर आपल्याला परवडणारे नाही. गरजेचेच उत्तर द्यावे लागेल.

याच्या उलट एक चांगले उदाहरणही आपल्याकडेच आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक शास्त्रीय विचाराने रचला गेला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याला स्थान मिळाले. सर्व भारतीय लिप्यांना तो एकच, शिकावयासही सुलभ. तरीही ज्यांची बोटे मराठी टंकलेखन यंत्रावर घडली होती त्यांना वाऱ्यावर सोडले गेले नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या भारतीय भाषांसाठीच्या आज्ञावल्यांमध्ये इन्स्क्रिप्टच्या जोडीला टंकलेखन यंत्राची जुनी रचनाही ठेवण्यात आली. नवे श्रेयस्कर आहे म्हणून जुन्याला दंड करावयाचा नाही, ही यामागची भूमिका. परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे घासून मिळविलेला हाताचा वेग ही त्या टंकलेखकाची मिळकत होती. आणि मिळकत काढून घ्यावयाची तर काही रीत पाळावी लागते.

काढावयाचेच असेल तर

ही रीत कोणती? प्रस्तुत लेखकाच्या मते चार गोष्टी तरी पाळल्या जाव्यात.

पहिली, पूर्वसूचना. 'ईमॅक्स' या जुन्या मजकूर-संपादकाचे कर्ते एखादी सोय एकदम काढीत नाहीत. ती आधी कालबाह्य म्हणून जाहीर होते, वापरणाऱ्यास तशी सूचना मिळत राहते, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत ती प्रत्यक्षात जाते. मधल्या काळात मनुष्याला आपली व्यवस्था करता येते. भाडेकरूलाही घर रिकामे करण्यापूर्वी नोटीस मिळते. मग वापरकर्त्याने काय पाप केले आहे?

दुसरी, कारणाचा खुलासा. "थोडेच लोक वापरतात" हे कारण नसून तो एक आकडा आहे. ही सोय राखण्यात नेमकी अडचण कोणती आणि तिच्या बदल्यात काय मिळणार, हे सांगितले गेले तर रागावलेला मनुष्यही निदान विचार करू लागतो.

तिसरी, पर्यायाची परीक्षा. जुन्याऐवजी नवी वाट दाखवावयाची, तर ती वाट जुनी सोय वापरणाऱ्याला चालवून पाहावी, दाखविणाऱ्याने स्वतः चालून नव्हे. पानाचा रंग बदला, असे सांगणाऱ्याने निळ्या पानावरचा अहवाल कधी वरिष्ठांकडे पाठवून पाहिला असता, तर तो सल्ला त्याने दिलाच नसता.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सजावट आणि शरीर यांतील भेद. जी सोय डोळ्यांशी, हातांशी वा कानांशी निगडित आहे तिच्यासाठी मोजमाप निराळे असावे. जिन्याच्या कठड्याला दिवसातून किती जण हात लावतात, हे मोजून कठडा ठेवायचा की नाही हे कोणी ठरवीत नाही. शंभरांत एकालाच तो लागत असेल. पण त्या एकाला तो लागतोच.

या चार अटी पाळूनही काही सोयी जातील आणि गेल्याही पाहिजेत. ज्या गाठोड्यात काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही, ते माळ्यावर कायम ठेवण्यात अर्थ नाही. राखणारा हातही माणसाचाच असतो आणि त्याच्याही शक्तीला मर्यादा आहे, हे आपण वापरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावयास हवे. सर्वांसाठी सर्व काही कायम ठेवा, ही मागणी जितकी सोपी तितकीच निरर्थक आहे.

निळ्या पडद्याच्या या कथेला एक उत्तरार्ध आहे, आणि तोच सर्वांत बोलका आहे. २०१८ साली ॲपलने आपल्या मॅक संगणकांवर गडद रंगसंगती आणली. २०१९ साली आयफोन आणि अँड्रॉइड दूरध्वनींवर ती आली. पाहता पाहता गडद पडदा ही साऱ्या जगाची मागणी झाली, आणि २०२०-२१ च्या सुमारास 'वर्ड'मध्येही लिहिण्याचे पान गडद करण्याची सोय पुन्हा अवतरली. म्हणजे २००७ साली जी काही जुन्या खोडांची लहर वाटली होती तिच्यात तथ्य होते, हे सुमारे चौदा वर्षांनी मान्य झाले. वरातीमागून घोडे आले खरे, पण आले.

मात्र यातून मिळणारे समाधान अपुरे आहे. ही सोय परत आली ती मागणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून. जे आधीपासून मागत होते त्यांची गरज ओळखली गेली, म्हणून नव्हे. फॅशन उलटली तर ती पुन्हा जाणार नाही, याची हमी कोणी दिलेली नाही. मधल्या चौदा वर्षांत धूसर डोळ्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहत ज्यांनी आपली नोकरीची अखेरची वर्षे काढली असतील, त्यांची गणना कोणत्याच वहीत झालेली नाही. खिडकीचा पडदा काढण्यापूर्वी तो किती जण वापरतात, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी त्या खिडकीसमोर कोण बसते आणि ऊन कोणत्या वेळी येते, हे एकदा तेथे बसून पाहावे.